लग्नाचा बस्ता आणि नवरीचे कपडे: अनावश्यक खर्च टाळण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, डोंबिवली आणि नवी मुंबईतील नात्यागोत्यात गेल्या काही वर्षांत झालेल्या लग्नांच्या बस्त्यांना मी सोबत म्हणून गेले आहे. त्या वेळी आईवडिलांनी, नवऱ्यामुलींनी आणि सासरच्या मंडळींनी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. लग्नाच्या कपड्यांवर जो पैसा वाया जातो, तो मुख्य साडीपायी क्वचितच जातो. दुसऱ्यांदा अंगाला न लागणाऱ्या वस्तूंवर आणि किमतीच्या चिठ्ठीवर न लिहिलेल्या खर्चांवर तो जातो, असा माझा अनुभव असल्यामुळे उत्तरांचा भर त्यावरच आहे.

बस्त्याला निघण्यापूर्वी घरी काय ठरवावे?

प्रथम एक कागद घ्यावा आणि त्यावर साखरपुडा, हळद, मुहूर्त, सप्तपदी, स्वागत समारंभ, पाठवणी, सत्यनारायणाची पूजा असे प्रसंग क्रमाने लिहून प्रत्येकासमोर तीन गोष्टी नोंदवाव्यात: ते वस्त्र किती तास अंगावर राहणार आहे, लग्नानंतर ते कोण आणि कोठे नेसणार आहे, आणि ते विकत घ्यायचे आहे की कोणाकडून येणारच आहे. बऱ्याच घरांत मामाकडून पिवळी साडी येते आणि सासरकडून शालू येतो. आत्या, मावशी, काकू यांच्याकडूनही एखादी भारी साडी येते. ही यादी आधी जमवली नाही, तर जी साडी येणार होती तीच आपण विकत घेऊन बसतो आणि कपाटात एकाच रंगाच्या दोन साड्या घडी न मोडता पडून राहतात.

त्यानंतर आकडा ठरवावा. तो केवळ साड्यांचा न ठेवता नवरीच्या सगळ्या पेहरावाचा ठरवावा, म्हणजे ब्लाउज, परकर, फॉल, चप्पल, केसांतील अलंकार आणि नेसवणाऱ्या बाईंचे मानधन हे सारे त्यात धरावे. हा आकडा ठरवताना मुलीला समोर बसवावे. आईवडील आपापसांत ठरवतात, मुलगी मोबाइलवर जमवलेली छायाचित्रे घेऊन येते आणि दुकानात विक्रेत्यासमोर दोघांचा पहिल्यांदा मेळ घातला जातो. अशा वेळी संकोचापोटी जो निर्णय होतो, तो जवळजवळ नेहमीच महागडा असतो.

नवरीला लग्नासाठी खरोखर किती भारी कपडे लागतात?

एका दिवसाच्या लग्नाला दोन पुरतात: मुहूर्ताला एक आणि विधी झाल्यावर नेसायला एक. स्वागत समारंभ त्याच संध्याकाळी असेल तर तिसरा. साखरपुड्याची साडी स्वागत समारंभाला पुन्हा नेसली तर कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण दोन्ही प्रसंगांना येणारी माणसे पुष्कळदा वेगळी असतात. हळदीसाठी भारी वस्त्र घेणे मला अजिबात पटत नाही. हळदीचा डाग रेशमावरून सहजी निघत नाही, म्हणून घरातली किंवा साधी सुती पिवळी साडीच योग्य होय. मेहंदी आणि संगीत हे कार्यक्रम आपल्याकडे अलीकडे रुळले आहेत. त्यांच्यासाठी मुलीच्या कपाटातला सणाचा पोशाख चालतो.

साडीच्या किमतीवर नंतर कोणकोणते खर्च चढतात?

हा भाग बहुतेक घरांत हिशेबाबाहेर राहतो, म्हणून उदाहरणादाखल एक मांडणी करून दाखवते. समजा, साडी १८,००० रुपयांना घेतली. तिला फॉल-पिकोचे २०० रुपये, अस्तरासह ब्लाउजच्या शिलाईचे १,५०० रुपये, ब्लाउजच्या बाह्यांवर आणि पाठीवर आरीकामाचे (आकड्याच्या सुईने केलेल्या भरतकामाचे) ४,५०० रुपये, पदराला गोंडे लावण्याचे ४०० रुपये आणि जुळत्या रंगाच्या परकराचे ६०० रुपये लागले. म्हणजे वरचा खर्च ७,२०० रुपये झाला आणि १८ हजारांची साडी प्रत्यक्षात २५,२०० रुपयांना पडली. साडीच्या मूळ किमतीच्या ४० टक्के रक्कम ही तिच्यामागून आली. आपल्या भागातले दर वेगळे असतील, परंतु साडी पसंत पडल्यावर ती बांधायला सांगण्यापूर्वी अशी बेरीज करून पाहावी.

यांतला सर्वांत मोठा आकडा आरीकामाचा आहे, आणि त्यावरच विचार करण्यासारखे आहे. भरगच्च आरीकाम केलेला ब्लाउज एका साडीला बांधला जातो, तो धुता येत नाही आणि दोन वर्षांनी अंगाला बसेनासा झाला की त्यावरचे काम फुकट जाते. आरीकाम करायचेच असेल तर ते फक्त बाह्यांच्या काठावर आणि गळ्याभोवती करून घ्यावे, आणि शिवणाऱ्या ताईंना दोन्ही कडांच्या शिलाईत किमान दीड-दोन इंच जादा कापड सोडायला आवर्जून सांगावे, म्हणजे पुढे ब्लाउज उसवून सैल करता येतो. तीन साड्यांना चालेल असा सोनेरी किंवा गडद हिरवा एकच कामाचा ब्लाउज शिवून घेणे हा त्याहूनही चांगला मार्ग आहे. माझ्या भाचीने असाच एक ब्लाउज शिवला आणि तो साखरपुडा, मुहूर्त आणि पुढच्या वर्षीच्या मंगळागौरीला घातला.

मापाविषयी एक सूचना करते. ब्लाउजचे शेवटचे फिटिंग लग्नाच्या दहा-पंधरा दिवस आधी करावे. तीन महिने आधी शिवून घेतलेला ब्लाउज लग्नाच्या धावपळीत वजन उतरल्यावर ढिला होतो आणि मग ऐनवेळी दुरुस्तीचे तातडीचे पैसे मोजावे लागतात.

जीएसटीमुळे किती फरक पडतो?

हा फरक लहान नाही. साडी न शिवलेले कापड असल्यामुळे तिच्यावर ५ टक्के कर लागतो. शिवलेल्या तयार कपड्यांचा नियम २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलला असून एका नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्याहून अधिक असेल तर १८ टक्के कर लागतो. म्हणजे ३०,००० रुपये सांगितलेल्या तयार लेहंग्यावर कर वेगळा असेल, तर ५,४०० रुपये वाढून तो ३५,४०० रुपयांना पडतो. त्यामुळे भाव ठरवतानाच ‘ही किंमत करासह आहे का?’ असे स्पष्ट विचारावे. छापील कमाल किंमत असेल तर तिच्यात सर्व कर धरलेले असतात आणि तिच्यावर पुन्हा कर मागता येत नाही. बिल न घेतल्यास कर सोडतो, असा प्रस्ताव काही ठिकाणी येतो. तो स्वीकारू नये, कारण तक्रार करण्याची वेळ आली तर हातात काहीच पुरावा राहत नाही.

पैठणी खरी आहे की नाही, हे कसे ओळखावे?

या प्रश्नाला मी जास्त जागा देते, कारण मुख्य साडीवर पैसा वाया गेलाच, तर तो बहुधा पैठणीच्या नावाखाली जातो. यंत्रमागावरची साडी ही काही वाईट वस्तू नव्हे. तिला हातमागाचा भाव मोजणे मात्र नुकसानीचे आहे.

हातमागावरच्या पारंपरिक पैठणीत पदरावरचा मोर, पोपट, कमळ किंवा आसावलीची वेल ही प्रत्येक रंगाचा धागा त्या त्या आकृतीपुरताच फिरवून आणि शेजारच्या धाग्यात अडकवून विणलेली असते. त्यामुळे पदर उलटा केला तरी नक्षी जवळजवळ तशीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावर नक्षीचे धागे मागून एका आकृतीपासून दुसऱ्या आकृतीपर्यंत ओढत नेलेले असतात. ते लोंबते दिसतात, किंवा कापलेले असल्यास त्यांची टोके बोटाला खरखरीत लागतात. तेव्हा विक्रेत्याने पदर कितीही सुंदर पसरून दाखवला तरी तो उलटा करायला सांगावे. हातमागावरच्या विणकामात थोडी असमानता असते, दोन मोरांत किंचित फरक असतो. त्याला दोष समजू नये.

रेशीम तपासायचे असेल तर काठाजवळचा सुटा धागा दुकानदाराच्या परवानगीने जाळून पाहता येतो. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे राहिलेली राख बोटांत चुरडली जाते. पॉलिस्टर वितळते आणि त्याची कडक गोळी होते. जरीच्या बाबतीत घरगुती परीक्षा फारशी उपयोगाची नाही. अस्सल जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. आज बाजारातल्या पुष्कळ साड्यांत तांब्याच्या तारेची किंवा चमकदार प्लास्टिक पट्टीची जर असते. विक्रेता ‘प्युअर जर’ म्हणत असेल, तर तेच शब्द बिलावर लिहून द्यायला सांगावे. अशी विनंती केल्याबरोबर भाव उतरलेला मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे.

आता चिन्हांविषयी, कारण येथे जाणत्यांचाही गोंधळ होतो. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झालेले ‘सिल्क मार्क’ हे चिन्ह कापड शुद्ध रेशमाचे आहे इतकेच सांगते. ते हातमागाचे आहे असे सांगत नाही. २००६ मध्ये आलेले ‘हँडलूम मार्क’ हे वस्त्र हातमागावर विणले असल्याचे सांगते. पैठणीला मिळालेले भौगोलिक मानांकन हे तिच्या उगमाशी आणि परंपरेशी संबंधित आहे. म्हणजेच सिल्क मार्कची चिठ्ठी असलेली शुद्ध रेशमी साडी यंत्रमागावरचीही असू शकते आणि ‘चिठ्ठी आहे म्हणजे हाताने विणलेली’ हे म्हणणे खरे ठरत नाही. हातमागाचा भाव मागितला जात असेल, तर हातमागाचा पुरावा मागावा.

मग हातमागाची पैठणी घेणे हाच अनावश्यक खर्च नाही का?

माझे मत तसे नाही. एक पैठणी विणायला विणकराचे कित्येक आठवडे, नक्षी दाट असेल तर कित्येक महिने जातात आणि तिची किंमत मुख्यतः त्या श्रमांची असते. अशी साडी मुलगी पुढची पंचवीस-तीस वर्षे प्रत्येक मंगलकार्याला नेसणार असेल, तर ती महाग म्हणता येणार नाही. मात्र ऐपत नसताना कर्ज काढून ती घेणे किंवा तिच्या नावाने नक्कल घेणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. कमी पैशांत ‘सेमी पैठणी’, म्हणजे रेशमासारख्या दिसणाऱ्या धाग्याची यंत्रमागावरची साडी, उघडपणे सेमी म्हणून घ्यावी. ती दिसायला छान असते आणि घामाची, जेवणाच्या डागांची धास्ती राहत नाही. भावाची घासाघीस मी स्वतः दुकानात करते, पण विणकराच्या घरी जाऊन त्याच्या मजुरीवर करू नये, असे मनापासून वाटते.

पैठणी विणणाऱ्या येवल्याला जाऊन खरेदी केली तर स्वस्त पडते का?

एका साडीसाठी बहुधा नाही. ठाण्याहून नाशिक ओलांडून येवल्याला जाणे म्हणजे पूर्ण दिवस, आणि सहा-सात माणसे गाडी करून निघाली तर इंधन, टोल आणि जेवणखाण मिळून भावातला फरक बराचसा खर्ची पडतो. दोन्ही घरांच्या मिळून चार-पाच पैठण्या घ्यायच्या असतील आणि माग पाहून, विणकराशी बोलून रंग ठरवायचा असेल, तर मात्र जावे. रेल्वेने मनमाडपर्यंत जाऊन तेथून पुढे रस्त्याने जाणे स्वस्त पडते. आपल्याला हवा तो रंग विणून घ्यायचा असेल तर काही महिने आधीच सांगावे लागते.

ठाणे आणि नवी मुंबईतील माणसांनी कोणती वस्तू कोठे पाहावी?

सगळा बस्ता एकाच दुकानात बांधण्याची पद्धत सोयीची असली तरी तीत प्रत्येक वस्तूला सारखाच चढा भाव मोजला जातो. मुख्य साड्या ठाण्यातील गोखले रोड, राम मारुती रोड आणि नौपाड्यातील जुन्या दुकानांत पाहाव्यात. घराजवळचे दुकान असल्याने बदलून घेणे, पॉलिश करणे आणि पुढे तक्रार करणे सोपे जाते. परकर, अस्तर, गोंडे, काठाच्या पट्ट्या, बांगड्या या वस्तू जांभळी नाका आणि स्टेशनजवळच्या बाजारात घेतल्यास बरीच बचत होते. देण्याघेण्याच्या साड्या एकगठ्ठा घ्यायच्या असतील, तर उल्हासनगरचा बाजार ठाणेकरांना लोकलने सोयीचा आहे. तेथे माल नीट उलगडून, सगळी साडी उजेडात धरून पाहावी. लेहंग्यांसाठी दादरचे हिंदमाता मार्केट प्रसिद्ध आहे. वाशी, नेरूळ, ऐरोलीकडच्या मंडळींना ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्यात येणे दादरपेक्षा सोपे पडते.

खरेदीला शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळावी. मधल्या वारी सकाळी दुकान उघडताच गेल्यास विक्रेता निवांतपणे माल दाखवतो आणि मालकाशी भावाचे बोलणेही होते. शिवाय दिवसाउजेडी साडी दुकानाच्या दाराशी नेऊन रंग पाहता येतो. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली डाळिंबी दिसलेली साडी घरी आल्यावर विटकरी निघाली आणि त्यापायी दुसरी घ्यावी लागली, असे आमच्या घरातच घडले आहे.

बस्त्याला किती माणसे न्यावीत?

नवरी, तिची आई आणि कापडाची जाण असलेली एक व्यक्ती. सासूबाईंना मानाने बोलवावे, किंबहुना शालू त्यांच्याकडून असेल तर त्यांच्याशिवाय जाऊच नये. पण त्यापलीकडे दहा जणांचा ताफा नेला की दर साडीमागे दहा मते येतात, नवरी थकते आणि शेवटी जी सर्वांत महाग तीच सर्वांना मान्य होते. बाकीच्यांना घरी चहाला बोलावून बस्ता दाखवावा. त्याने मानही राहतो.

नऊवारी शिवून घ्यावी की नेसावी?

शिवलेली नऊवारी पाच मिनिटांत घालता येते, म्हणून तिची मागणी वाढली आहे. परंतु भारी साडी कापून ती शिवू नये, हे मी प्रत्येक घरात आग्रहाने सांगते. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर कापड. ते कापून एकदा शिवले की ती साडी सहावारी म्हणून नेसता येत नाही, आईला किंवा बहिणीला होत नाही आणि नवरीचे वजन बदलले की तिलाही होत नाही. विधींसाठी नऊवारी नेसायची हौस असेल, तर नेसवणाऱ्या बाईंना बोलवावे. एका वेळच्या मानधनात काम होते आणि साडी अखंड राहते. घरातली आजी नेसवू शकत असेल तर त्याहून चांगले काय? आठ दिवस आधी तिच्याकडून एकदा नेसवून घ्यावी, म्हणजे निऱ्या आणि काष्टा किती वर येतो ते कळते. शिवलेलीच हवी असेल, तर सेमी सिल्कची स्वस्त साडी शिवावी किंवा तयार नऊवारी एका दिवसासाठी भाड्याने घ्यावी.

लेहंगा भाड्याने घेणे कितपत योग्य आहे?

माझ्या मते स्वागत समारंभाच्या लेहंग्यासाठी हाच सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. तीन-चार तास घातलेला, आत कॅनकॅन (घेर फुलवणारी कडक जाळी) लावलेला जड लेहंगा नंतर कोठेही घालता येत नाही आणि ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात तो ठेवायलाही जागा नसते. विकायला काढला तर किंमत फारच कमी येते.

भाड्याने घेताना मात्र कागदावर पुढील बाबी लिहून घ्याव्यात: अनामत किती आणि ती किती दिवसांत परत मिळणार, परत करण्याचा दिवस आणि वेळ, उशीर झाल्यास दर दिवसाचे किती पैसे, ड्रायक्लीनिंग भाड्यात धरले आहे की वेगळे, आणि ‘खराबी’ म्हणजे नेमके काय. घामाचा डाग, घेराला लागलेली धूळ, एखादा सुटलेला मणी यांना खराबी म्हणायचे की नाही, हे आधीच ठरवावे. आमच्या परिचयातील एका कुटुंबाची अर्धी अनामत घेरावरच्या एका जुन्या फाटीसाठी कापली गेली, आणि ती फाट आधीपासून होती हे सिद्ध करायला त्यांच्याकडे काही नव्हते. तेव्हा ताब्यात घेताना दुकानातच पुढून, मागून, आतून छायाचित्रे काढावीत आणि ती त्याच क्षणी दुकानाच्या व्हॉट्सॲप क्रमांकावर पाठवून ठेवावीत.

आईचा किंवा आजीचा शालू वापरता येतो का?

येतो, आणि शक्य असेल तेथे तो अवश्य वापरावा. प्रथम साडी पूर्ण उलगडून उजेडासमोर धरावी. जुने रेशीम घडीच्या रेषांवर विरते, म्हणून त्या ठिकाणी दोन्ही हातांनी हलकेच ताणून पाहावे. तेथे बारीक चिरा दिसल्या तर ती साडी दिवसभराच्या विधींचा ताण सोसणार नाही. अशा वेळी विरलेल्या भागाला मागून नेट लावून मुहूर्तापुरती नेसता येते, किंवा काठ आणि पदर सोडवून नव्या साध्या रेशमी साडीवर जोडता येतात, किंवा पदराचा शेला करता येतो. साडी धड असेल तर पॉलिश, नवा फॉल आणि नवा ब्लाउज एवढ्यावर काम भागते. जुन्या साडीतली जर अस्सल चांदीची असण्याची शक्यता असते. ‘जुनी जरीची साडी द्या, नवी घ्या’ असे सांगणाऱ्यांना ती घाईने देऊन टाकू नये.

खरेदी कोणत्या महिन्यात केल्यास बचत होते?

चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसल्यासारखेच असतात, म्हणून आषाढात अनेक दुकाने सवलत लावतात. तुळशीचे लग्न झाले की गर्दी सुरू होते. मार्गशीर्षात किंवा माघ-फाल्गुनात लग्न असेल, तर मुख्य साड्या आषाढ-श्रावणात घ्याव्यात आणि ब्लाउजची शिलाई दिवाळीपूर्वी टाकावी, कारण दिवाळीनंतर चांगल्या शिवणाऱ्यांकडे जागा नसते आणि तातडीचे दर द्यावे लागतात. मात्र सवलतीचा माल बदलून मिळत नाही, असे पुष्कळदा बिलावर छापलेले असते. तेव्हा सवलत लागण्याच्या आधी एकदा दुकानात जाऊन भाव पाहून ठेवावेत, म्हणजे मूळ किंमत वाढवून मग कमी केली आहे का हे कळते.

ऑनलाइन किंवा इन्स्टाग्रामवरून मुख्य साडी मागवावी का?

मुख्य साडी मागवू नये. रेशमाचा पोत, वजन आणि रंग पडद्यावर कळत नाही. देण्याघेण्याच्या साड्या, परकर, केसांतील अलंकार मागवायला हरकत नाही. अनोळखी विक्रेत्याला पूर्ण रक्कम यूपीआयने आगाऊ पाठवू नये, माल परत घेण्याची अट आधी लेखी मागावी आणि पार्सल उघडताना अखंड चित्रीकरण करावे. फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

मानपानाच्या साड्यांचा खर्च कसा आवरावा?

नवरीच्या कपड्यांचा विषय काढला की हा प्रश्न येतोच, आणि माझ्या माहितीतल्या बहुतेक घरांत या साड्यांची बेरीज नवरीच्या साड्यांपेक्षा मोठी निघाली आहे. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी एकदा समोरासमोर बसून ‘मानाच्या साड्या फक्त विहीणबाई, करवली, आत्या आणि मामी यांनाच’ असे ठरवले, तर वीस-पंचवीस साड्या वाचतात. घेतलेल्या साड्या पुढच्या लग्नात दुसऱ्यांना दिल्या जातात, हे सर्वांना माहीत असते. त्याऐवजी कमी पण नेसण्याजोग्या साड्या द्याव्यात. हे बोलणे मुलीच्या आईवडिलांना जड जाते, म्हणून मुलाकडच्यांनी स्वतः पुढाकार घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नवरदेवाच्या कपड्यांचे काय?

हीच पद्धत लावावी. शेरवानी भाड्याने घ्यावी, विधींसाठी धोतर-उपरणे साधे घ्यावे आणि पैसे घालायचेच असतील तर पुढे कार्यालयातही घालता येईल अशा सुटात घालावेत. फेटे नगावर भाड्याने मिळतात, तेव्हा किती जणांना बांधायचे हे आधी मोजावे.

हप्त्यांवर खरेदी करावी का?

शक्यतो नाही. ‘नो कॉस्ट ईएमआय’ असे म्हटले तरी बँकेचे प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी ग्राहकाकडूनच जातो.

साडी सदोष निघाली आणि दुकानदार परत घेत नसेल तर काय करावे?

केवळ मन बदलले म्हणून साडी परत घेण्याचे बंधन दुकानदारावर नाही. तो त्याच्या अटींचा भाग आहे. पण माल सदोष असेल तर गोष्ट वेगळी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे, तसेच सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणून साडी घरी आणल्याच्या दिवशीच पूर्ण उलगडून पाहावी. फॉल लावल्यानंतर किंवा ब्लाउजपीस कापल्यानंतर दोष दाखवला, तर तो आधीपासून होता हे पटवणे कठीण होते.

प्रथम दुकानाला छायाचित्रांसह लेखी कळवावे. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे साडी दादरला किंवा येवल्याला घेतली असली तरी ठाण्यात राहणाऱ्याला ठाण्यातच दाद मागता येते. मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

लग्नानंतर या साड्या कशा जपाव्यात?

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी साडी घामासह घडी घालून ठेवू नये. सावलीत, वाऱ्यावर दिवसभर पसरावी आणि डाग पडला असेल तर घरी न चोळता लगेच ड्रायक्लीनिंगला द्यावी. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत प्लॅस्टिकच्या पिशवीतली जर काळी पडते, म्हणून जुन्या मऊ सुती कापडात किंवा मलमलीत गुंडाळावी. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नयेत आणि अत्तर साडीवर थेट मारू नये. दर तीन-चार महिन्यांनी घडी उलगडून दुसऱ्या रेषेवर घालावी. गौरी-गणपती, दिवाळी, संक्रांत आणि अक्षय्य तृतीया या दिवसांशी हे काम जोडले की विसरले जात नाही, आणि त्या निमित्ताने त्यांतली एखादी साडी नेसूनही होते.